वीतभर

हलगी आत जाणार नाही, गेटवरचा म्हणाला.
आम्ही म्हटलं, भावा, कोल्हापुरात हिच्याशिवाय
नाणेफेकसुद्धा होत नाही.
तो हसला नाही. हलगीला चिठ्ठी बांधली,
नंबर चौतीस,
आणि हेल्मेटांच्या ढिगात ठेवून दिली.

रात्रभराची बस. वाशीच्या पुलावर जुबेरनं उठवलं,
खाडी बघ. मी खाडी बघितली, पुन्हा डोळे मिटले.
खिशात तिकीट, परतीचे पैसे,
खोलीवर सोमवारच्या सबमिशनची कोरी फाइल.
घरी सांगितलं होतं, सांगलीला चाललोय,
मित्राकडं, अभ्यासाला.

अंधेरीचं स्टेडियम आमच्या शाहूपेक्षा लहान निघालं.
हे कुणी मोठ्यानं बोललं नाही.
पण गवत!
दिग्या म्हणाला, रात्रभर कुणी विंचरत बसलं होतं काय?
आमच्याकडं मार्चनंतर किक मारली
की आधी धूळ उडते, मग चेंडू.

समोरचा संघ ज्या देशाचा, त्याची राजधानी
आम्हा सात जणांत कुणालाच येईना.
पुढच्या रांगेत त्या देशाची एकटी मुलगी,
इथंच कुठंतरी फार्मसी शिकणारी,
झेंडा शालीसारखा पांघरून.
तिलाच विचारलं. तीनदा आम्ही नाव चुकीचं म्हटलं,
चौथ्यांदा तिनं मान हलवली,
बहुतेक कंटाळून.

बाविसाव्या मिनिटाला त्यांचा गोल.
ती ताडकन उठली,
आजूबाजूला बघितलं,
आणि हळूच बसली.
सत्तराव्याला आपला. कॉर्नर, झुंबड,
चेंडू कुणाच्या तरी गुडघ्याला लागून आत.
गुडघ्याचा गोल अर्धा मोजत नाहीत!
जुबेरनं माझ्या पाठीचीच हलगी केली.

मग दिवे गेले.
आधी पलीकडच्या खांबावरचे, मग सगळेच.
कुणी घरी गेलं नाही.
खाली मैदानात, मिट्ट काळोखात,
कुणीतरी चेंडू पायावर खेळवत होता.
ठप्. ठप्. ठप्.
आधी एक रांग मोजायला लागली, मग सगळं स्टँड,
एकोणतीस, तीस, एकतीस,
ती मुलगी तिच्या भाषेत मोजत होती, पण आमच्याच तालावर.
एक्केचाळीसला चेंडू निसटला
आणि हजारो माणसं अंधारात हळहळली.
तो आपला होता की त्यांचा, शेवटपर्यंत कळलं नाही.

चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला त्यांना पेनल्टी.
मी कॉलेजचा कीपर. अशा वेळी मी चेंडू बघत नाही,
कीपरचे पाय बघतो.
तो डावीकडं झेपावला, पंज्यानं चेंडू बाहेर.
सात जणांचा एकच गोळा झाला,
कुणाचा तरी चष्मा फुटला,
आणि त्यातून शिट्टी ऐकू आली.
बावटा वर. पुन्हा मारायची.
तू कीपर आहेस, सांग, जुबेर म्हणाला,
पाय रेषेच्या पुढं होते काय?
होते. वीतभर.
मी म्हटलं, नाही रे.

दुसरी उजवीकडं गेली. तो डावीकडं.

ती मुलगी ओरडली नाही.
झेंड्याची घडी घातली, पर्समध्ये कोंबली,
जाताना म्हणाली, अंधारातलं चांगलं होतं.

चौतीस नंबर परत मिळाला,
पण मुंबईच्या दमट हवेनं कातडं सैल पडलेलं,
थाप मारली की उशीवर मारल्यासारखी.
वीरा देसाई रोडला एक इस्त्रीवाला दुकान आवरत होता.
त्यानं विझत आलेले निखारे पुढं केले,
विचारलं, जिंकलात?
नाही.
मग वाजवता कशाला?
दिग्या हलगी शेकत म्हणाला, आमच्या पेठेत हरल्यावरच जास्त वाजवतात.

कडकडाट सुरू झाला आणि माझा फोन वाजला.
पप्पा.
मी लांब पळालो, पण किती लांब पळणार.
काही वेळ ते नुसतंच ऐकत राहिले.
मग म्हणाले, पाय पुढं होते रे त्याचे.
मी म्हटलं, वीतभर.
पलीकडं टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.
सांगलीत, ते म्हणाले, हलगी बरी वाजवतात.